नातीच्या माकडहाडावरची खळगी

नातीच्या डिस्चार्जच्या कागदावर वजन, रक्तगट, बीसीजी आणि पोलिओच्या नोंदी छापील रकान्यांत भरलेल्या होत्या. सगळ्यात खाली बालरोगतज्ज्ञांनी पेनने लिहिलं होतं: माकडहाडाच्या वर खळगी, चीर किंचित वाकडी, दीड महिन्याच्या लसीच्या सुमारास कण्याची सोनोग्राफी. लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे, सहकारनगरला आली होती. त्यामुळे त्या नोंदीपाठोपाठ जे जे आलं, त्यात मी तिच्या जोडीला होते.

तान्ह्या बाळाच्या कमरेखाली किती तऱ्हेच्या खुणा असू शकतात, त्यांतल्या कोणत्या नुसत्या बघून सोडून द्यायच्या आणि कोणत्या दाखवल्याशिवाय राहायचं नाही, हे समजावून सांगणारं मराठीत आम्हांला त्या दिवसांत काही मिळालं नाही. जे कळलं ते डॉक्टरांना विचारून विचारून कळलं. दुसऱ्या कुणा आई-आजीला ते आधी माहीत असावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

जन्मानंतरची सविस्तर तपासणी मी समोर उभी राहून पाहिली. डॉक्टर मॅडमनी टाळू चाचपली, तोंडात बोट घालून टाळा पाहिला, छाती ऐकली, मांड्या उघडून खुबे पाहिले. मग बाळीला एका हातावर पालथं घेतलं आणि दुसऱ्या हाताचं बोट मानेपासून थेट खालपर्यंत कण्यावरून सावकाश फिरवत नेलं. कुल्ल्यांमधली चीर दोन बोटांनी अलगद फाकवून पाहिली. बाहेर आषाढाचा पाऊस, खोलीत ट्यूबलाइटचा पांढरा उजेड. त्या बाळीला घेऊन खिडकीपाशी गेल्या आणि तिथे पुन्हा पाहिलं. मग कागदी टेप मागवला.

"आजी, ही बघा," असं म्हणून त्यांनी मलाही दाखवलं. चीर वर जिथे संपते तिथे एक छोटीशी खळगी होती. अशी खळगी शंभरातल्या दोन ते पाच बाळांना असते, असं त्या म्हणाल्या. ती ५ मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल, गुदद्वारापासून २.५ सेंटीमीटरच्या आत असेल, बरोबर मधोमध असेल, तिचा तळ दिसत असेल आणि आजूबाजूला दुसरी कसलीच खूण नसेल, तर ती साधी खळगी. तिला सोनोग्राफी लागत नाही, औषध लागत नाही, कागदावर नोंद करायची आणि पुढे जायचं.

आमच्या बाळीची खळगी अरुंद होती, मधोमध होती, तळही दिसत होता. पण अंतर २.५ सेंटीमीटरच्या थोडं पुढे भरत होतं आणि चिरेचं वरचं टोक सरळ न जाता डावीकडे वळलं होतं. "यांतली एकेक गोष्ट घेतली तर मी कदाचित सोडूनही दिली असती," मॅडम म्हणाल्या. "दोन खुणा एकत्र आल्या की आत डोकावून बघायचं, असा आमचा नियम. बाळ छान आहे. पाय दोन्ही सारखे हलवतंय, शू-शी झालीय. मला फक्त खात्री करून घ्यायचीय."

त्वचेवरच्या खुणेवरून कण्याच्या आतली शंका का घ्यायची, हे मला तेव्हा उमगेना. मी विचारलं, आणि त्यांनी घाई न करता सांगितलं. गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असतो तेव्हा वरची त्वचा आणि आतला मज्जारज्जू एकाच थरापासून तयार होतात. त्या थराची पन्हाळी वळून नळी होते आणि गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते. मिटताना आतला भाग आणि वरची त्वचा एकमेकींपासून सुट्या व्हायला हव्यात. कुठे तरी त्या नीट सुट्या झाल्या नाहीत, तर आत मज्जारज्जूचं टोक खाली अडकून राहू शकतं आणि वर त्वचेवर त्याच जागी काही तरी खूण राहते. मूल वाढतं, कणा लांबतो, पण अडकलेला रज्जू ताणला जातो. मग पुढे कधी तरी पाय अशक्त होणं, पाऊल वाकडं होणं, लघवीवर ताबा न राहणं, कणा एका बाजूला झुकणं असे त्रास सुरू होतात. वेळेत कळलं तर शस्त्रक्रियेने रज्जू मोकळा करता येतो. म्हणून जन्मानंतर पाठ उलटून बघायची.

लेक पलंगावरून हे सगळं ऐकत होती. तिचा पहिला प्रश्न होता, "मी फोलिक ॲसिड घेत होते ना?" घेत होती, लग्नानंतर मूल हवं असं ठरलं तेव्हापासूनच, रोज ४०० मायक्रोग्रॅम. मॅडम तिच्याजवळ जाऊन बसल्या. ती नळी मिटते तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं, म्हणून ती गोळी आधीपासून घ्यायची असते, आणि तिने ती घेतली ते उत्तमच केलं. या खळगीचा मात्र तिच्या खाण्यापिण्याशी, जिने चढण्याशी, ऑफिसच्या खुर्चीशी काही संबंध नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं. बाळंतिणीला असं दोनदाच सांगावं लागतं, कारण पहिल्यांदा ते तिच्या कानापर्यंत जातं, आत उतरत नाही.

घरी आलो तेव्हा सगळ्यांची नजर खळगीकडे गेलीच नाही. नजर गेली ती निळ्या डागांकडे. बाळीच्या कमरेवर आणि दोन्ही कुल्ल्यांवर निळसर-करडे मोठे डाग होते, डाव्या घोट्याजवळ आणखी एक होता. शेजारच्या काकूंनी दुपट्याची कड उचलून पाहिलं आणि हळूच विचारलं, "ग्रहणात काही चिरलं-कापलं होतं का गं हिने?" दुसऱ्या एकीला वाटलं की बाळंतपणात मार लागला. विहीणबाईंनी फोनवर मात्र एका वाक्यात निकाल लावला, "अहो, आमच्या घरात प्रत्येक पोराला असतात ते, माझ्या मुलालाही होते." जावयांच्या पाठीवर आता त्यातलं काहीही नाही.

विहीणबाईंचंच खरं होतं. रंग तयार करणाऱ्या पेशी गर्भावस्थेत त्याच कण्याजवळच्या भागातून निघतात आणि त्वचेच्या वरच्या थराकडे प्रवास करतात. त्यांतल्या काही वाटेत खोल थरातच थांबतात. इतक्या खोलवरचा काळपट रंग, प्रकाश विखुरल्यामुळे, वरून निळा दिसतो. भारतात, पूर्व आशियात, आफ्रिकेत हे डाग बाळांमध्ये सर्रास असतात. पुष्कळ दवाखान्यांत त्यांना अजूनही मंगोलियन स्पॉट म्हणतात, नव्या कागदांवर कंजेनिटल डर्मल मेलानोसायटोसिस असं लांबलचक नाव असतं. ते दुखत नाहीत, सुजत नाहीत, दाबलं तर बाळ रडत नाही. माराचा डाग आठवडाभरात हिरवा-पिवळा होत जातो, हे तसेच राहतात आणि मग शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेक फिकट होऊन जातात. पोट-छातीवरही खूप पसरलेले असतील किंवा वाढत चालले असतील तर डॉक्टरांच्या नजरेला आणून द्यायचे, कारण फार क्वचित त्यामागे दुसरा आजार असतो. आमच्या बाळीचे नेहमीच्या जागी होते. मॅडमनी फाइलमध्ये पाठीची आकृती काढून त्यावर डाग रेखाटले, तारीख घातली आणि आम्हांलाही नैसर्गिक उजेडात फोटो काढून ठेवायला सांगितलं. त्या फोटोंचा उपयोग नंतर झाला, तो पुढे सांगते.

न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींचा प्रश्न तिसराच होता. बाळीच्या खांद्यांवर आणि पाठीवर मऊ लव होती. मावशी अनुभवी. पर्वती, सहकारनगर, बिबवेवाडी या भागातल्या कितीतरी घरांतली बाळं त्यांच्या पायांवर न्हायलेली. पाटावर बसून पाय लांब केले की बाळी त्यांच्या पायांवर रडायची थांबायची. त्या म्हणाल्या, "ताई, कणकेचा गोळा तेल-हळदीत बुडवून रोज फिरवते पाठीवर. लव आत्ताच नाही निघाली तर मोठेपणी पोरीला त्रास." ही समजूत आमच्याही घरात होती, माझ्या सासूबाईंनी हेच केलं होतं. पण लव आपोआप गळते. पोटातून येतानाचीच ती असते आणि काही आठवड्यांत जाते. गोळा घासून बाळाची नाजूक त्वचा मात्र सोलवटते, पुरळ येतं, कधी पिकतंही. मॅडमनी गोळ्याला स्पष्ट नाही म्हटलं होतं.

यात एक फरक ध्यानात घ्यायचा आहे. खांदे, पाठ, कपाळ असं सगळीकडे पसरलेली बारीक लव वेगळी आणि कमरेवर बरोबर कण्याच्या रेषेत एकाच जागी उगवलेला लांब, दाट केसांचा झुपका वेगळा. झुपका असेल तर तो काढायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचा.

खळगीबद्दल मी मावशींना पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. तेल तिथे साठू द्यायचं नाही, बोट दाबून फिरवायचं नाही, कापसाची काडी आत घालून साफ करायचं नाही. अंघोळीनंतर मऊ कापडाने टिपून कोरडं करायचं, बस. त्यांनी मुळीच वाईट वाटून घेतलं नाही. बाळीला पालथी करून त्यांनी स्वतः नीट पाहिली आणि म्हणाल्या, "अशा खळग्या मी खूप पाहिल्यात ताई, पोरं धडधाकट आहेत. पण एका पोराच्या कमरेवर मऊ गाठ होती बघा, वरून कातडी चांगली, आत मऊ मऊ. त्याचं ऑपरेशन झालं. आता सायकल चालवतंय." मी ही गोष्ट पुढच्या भेटीत मॅडमना सांगितली. त्या म्हणाल्या, मावशींनी सांगितलेली गाठ ही नेमकी आम्ही शोधतो त्या खुणांपैकी एक, कण्याच्या रेषेतली चरबीची गाठ. बाकीच्या खुणा म्हणजे चिरेच्या बरीच वर असलेली खळगी, ५ मिलिमीटरपेक्षा रुंद किंवा तळ न दिसणारी खळगी, एकापेक्षा जास्त खळग्या, मध्यरेषा सोडून असलेली खळगी, लोंबणारा त्वचेचा तुकडा, आणि कमरेवर मधोमध उठावदार लालभडक चट्टा. असा चट्टा जन्मतः पुसट असतो आणि पहिल्या काही आठवड्यांत वाढत जातो, म्हणून एकदा पाहिलं आणि झालं असं करायचं नाही. खळगीतून पाणी किंवा पू आला तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना, कारण तिथून जंतू आत मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत पोचू शकतात.

मानेवर, भुवयांमध्ये, पापण्यांवर सपाट गुलाबी डाग असतात, रडताना गडद होणारे, दाबले की फिके पडणारे, त्यांची गोष्ट वेगळी. ते बाळीलाही मानेवर होते. त्यांच्यासाठी काहीच करायचं नसतं. पहिल्या आठवड्यात अंगभर लाल ठिपके उठले आणि आपोआप गेले, त्यांच्यासाठीही काही करावं लागलं नाही.

सोनोग्राफी लगेच का करत नाही, असं जावयांनी विचारलं होतं. आणि माझ्या धाकट्या दिरांचं म्हणणं होतं, एवढ्याशा जिवाला कशाला त्रास, वर्षाची होऊ दे, मग बघू. दोघांनाही एकच उत्तर होतं. नवजात बाळाच्या मणक्यांचा मागचा भाग अजून कूर्चेचा असतो, त्यातून सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी आरपार जातात आणि आतला मज्जारज्जू स्पष्ट दिसतो. जसजसं हाड पक्कं होतं तसतशी ती खिडकी बंद होत जाते. पहिले तीन महिने सगळ्यांत चांगले, चार-सहा महिन्यांनंतर चित्र नीट मिळत नाही. त्यानंतर बघायचंच झालं तर एमआरआय, आणि त्यासाठी मोठ्या बाळाला बऱ्याचदा औषध देऊन झोपवावं लागतं. म्हणजे वर्षाची होऊ दे म्हणणं, हे प्रेमाने म्हटलेलं असलं तरी बाळाला जास्त त्रासाच्या वाटेवर ढकलणारं आहे. आमच्या बाबतीत अगदी उद्याच करा अशी निकड नव्हती, म्हणून दीड महिन्याची लस आणि सोनोग्राफी एकाच सुमारास ठरली.

मधल्या दिवसांत बघत काय राहायचं, तेही मॅडमनी नेमकं सांगितलं होतं. दोन्ही पाय सारख्या जोराने झाडते का. शी घट्ट, अडून अडून होते का. आणि लघवी कशी होते. काही वेळ लंगोट कोरडा राहून एकदम ओला होत असेल तर ठीक, सतत थेंब थेंब गळत असेल तर कळवायचं. हे डायपरमध्ये कळत नाही. म्हणून मी दिवसभर जुन्या सुती साडीचे लंगोटच वापरले. पुण्याच्या पावसात ते वाळायला दोन-दोन दिवस लागायचे, गॅलरीतल्या दोऱ्या कमी पडून पंख्याखाली खुर्च्यांच्या पाठीवर वाळत घालायचे. तरी तो खटाटोप करण्याजोगा होता. कोरडा लंगोट हाताला लागला की लेकीच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा यायचा, तो मी बघत होते.

त्या काळात लेक रात्री बाळ झोपलं तरी झोपायची नाही. मोबाइलमधला फोटो मोठा करकरून खळगी बघायची. फोटोत त्वचा जरा ताणली गेली तर ती खोल दिसायची, जरा सैल पडली तर नाहीशी व्हायची. मी तिला म्हटलं, "तू आता फोटो बघू नकोस. सकाळी उजेडात दोघी मिळून बघू, दिवसातून एकदा." तेवढं ती पाळायला लागली. अळीव, डिंक, शेपू सगळं तिच्या पानात होतंच, पण तिला खरी गरज होती ती रोज त्याच वेळी, त्याच खिडकीपाशी, तिच्याबरोबर बघणाऱ्या दुसऱ्या डोळ्यांची.

सोनोग्राफीची वेळ घेणं सोपं गेलं नाही. एका केंद्राने फोनवर विचारलं, "कितव्या महिन्याची?" त्यांना गरोदर बाईच वाटली. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की इतक्या लहान बाळाचा कणा आम्ही करत नाही, एमआरआय करून घ्या. शेवटी मॅडमनीच लहान मुलांची सोनोग्राफी नेहमी करणाऱ्या रेडिओलॉजिस्टचं नाव दिलं, टिळक रोडच्या बाजूला. माझं आता ठाम मत आहे की नवजात बाळाच्या कण्याची सोनोग्राफी लिहून देताना डॉक्टरांनी ती कुठे नीट होते तेही त्याच कागदावर लिहावं. बाळंतपणातून उठलेल्या मुलीने फोन करत शोधायची ही गोष्ट नव्हे.

गणपती जवळ आले होते. रस्त्यांवर मांडवांचे बांबू पडलेले, निम्मे रस्ते अडलेले, म्हणून आम्ही बरंच आधी निघालो. केंद्राच्या दाराशी गर्भलिंग निदान केलं जात नाही हा कायद्याने लावावा लागणारा फलक, आत पोट धरून बसलेल्या बायका, आणि त्यांच्यात दुपट्यात गुंडाळलेली आमची बाळी. फोनवरच सांगितलं होतं की उपाशी आणू नका, उलट आत जायच्या जरा आधी पाजा. लेकीने कोपऱ्यात पाठ करून पाजलं. बाळी पेंगुळली तेव्हाच आत बोलावलं.

रेडिओलॉजिस्टही बाईच होत्या. त्यांनी एसी बंद करायला लावला. दुपट्याची गुंडाळी करून बाळीच्या पोटाखाली ठेवली, म्हणजे पाठीला बाक येतो आणि मणक्यांमधल्या फटी उघडतात. डोक्याकडची बाजू किंचित उंच केली, त्यामुळे कण्यातलं पाणी खालच्या भागात उतरून तो भाग स्पष्ट दिसतो. जेल कोमट केलेलं होतं. लेकीला त्यांनी बाळीच्या डोक्याशी बसवलं, मला पाय धरायला सांगितले, घट्ट नको, नुसते आधाराला. सुई नाही, किरण नाहीत, दुखण्यासारखं काहीच नाही. बाळी बहुतेक वेळ झोपलेलीच होती, मध्ये एकदा कुरकुरली, लेकीने बोट तोंडाशी नेलं आणि पुन्हा शांत झाली.

पडद्यावर त्या आम्हांला दाखवत गेल्या, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. काळ्या पाण्यात मज्जारज्जू आडवा पसरलेला, मधोमध एक उजळ रेघ, आणि पुढे गाजराच्या टोकासारखा निमुळता होत संपणारा. ते टोक कुठे संपतं, हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. त्यांनी मणके मोजले, आधी शेवटच्या बरगडीपासून खाली, मग खालून त्रिकास्थीपासून वर, दोन्हीकडून एकच उत्तर आलं: कमरेच्या पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याच्या मध्ये. जिथे असायला हवं तिथे. ते दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याच्या मधल्या जागेच्या खाली असतं तर रज्जू अडकल्याची शंका आली असती. मग त्या टोकापासून निघणारा बारीक तंतू मोजला, तो २ मिलिमीटरपेक्षा जाड नसावा लागतो, हिचा त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. त्याच्या भोवतीच्या मज्जातंतू बाळीच्या श्वासाबरोबर, नाडीबरोबर पाण्यात हलत होत्या. "हे हलणं मला हवं असतं. अडकलेल्या रज्जूत ते कमी होतं," असं त्या म्हणाल्या. शेवटी खळगीवर जाडसर जेल घालून तिथूनच आत पाहिलं. खळगीपासून एक पुसट रेघ खाली माकडहाडाच्या टोकाशी जाऊन संपत होती. कण्याच्या पोकळीकडे जाणारी कुठलीही वाट नव्हती.

लेक तिथेच रडली. रेडिओलॉजिस्टनी जेल पुसून बाळी तिच्या हातात दिली आणि पुढच्या पेशंटला जरा थांबायला सांगितलं.

छापील रिपोर्ट संध्याकाळी आला, तेव्हा घरात पुन्हा धावपळ झाली. त्यात सगळ्या चांगल्या ओळींमध्ये एक ओळ होती, फायलर सिस्ट. सिस्ट हा शब्द वाचून जावई हिंजवडीहून तडक इकडे आले, वाटेत त्यांनी एमआरआयच्या वेळेसाठी दोन ठिकाणी फोनही करून ठेवले. मी म्हटलं, "उद्या सकाळी मॅडमना भेटू, तोवर काही ठरवू नका." सकाळी मॅडमनी रिपोर्ट वाचला, चित्रं उजेडात धरून पाहिली आणि शांतपणे सांगितलं. रज्जूच्या टोकाच्या लगेच खाली, त्या बारीक तंतूत, मधोमध, पातळ भिंतीची पाण्याची एक इवलीशी पिशवी नवजात बाळांच्या सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसते. रज्जूचं टोक जागेवर असेल, तंतू जाड नसेल, हालचाल चांगली असेल आणि दुसरं काहीही वावगं नसेल, तर ही पिशवी निरोगी बाळाचीच एक तऱ्हा आहे. एमआरआय नको, पुन्हा सोनोग्राफीही नको. रेडिओलॉजिस्टनी ती दिसली म्हणून प्रामाणिकपणे लिहिली, एवढंच. जावयांनी तिथूनच दोन्ही फोन करून वेळा रद्द केल्या.

लसही त्याच भेटीत झाली. टोचल्यावर बाळी जी रडली, ती सोनोग्राफीच्या कितीतरी पट जास्त.

साधी खळगी असेल तर उगाच सोनोग्राफी करून घेऊ नका, असं मी ओळखीतल्या दोन मुलींना त्यानंतर सांगितलं आहे. त्यांच्या बाळांच्या खळग्या डॉक्टरांनी मोजून साध्या ठरवल्या होत्या, तरी आमचं ऐकून त्यांना करून घ्यावीशी वाटत होती. चांगल्या बाळाच्या रिपोर्टात अशी एखादी बिनमहत्त्वाची ओळ निघते आणि घर पुन्हा आठवडाभर झोपत नाही. पण डॉक्टरांनी पाठ उलटून पाहिलीच नसेल, तर मात्र मागे लागून बघायला लावावं. ते दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यासाठी कसलं यंत्र लागत नाही.

बाळी आता आधाराशिवाय बसते. दर लसीला मॅडम तिचे पाय वाकवून बघतात, पावलं सारखी आहेत का बघतात. चालायला लागल्यावर आणि पुढे शू सांगायला लागल्यावर पुन्हा एकदा लक्ष द्यायचं, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. लव केव्हाच गेली. खळगी आहे तिथेच आहे, कुल्ले भरल्यामुळे आता शोधावी लागते. घोट्याजवळचा निळा डाग थोडा फिकट वाटतो, कमरेवरचे अजून तसेच आहेत.

लेकीची २६ आठवड्यांची रजा संपली आणि बाळीला पाळणाघरात घालायची वेळ आली, तेव्हा ते फोटो कामाला आले. प्रवेशाच्या अर्जात बाळाच्या तब्येतीसाठी एक रकाना होता. लेकीने त्यात लिहिलं की कमरेवर, दोन्ही कुल्ल्यांवर आणि डाव्या घोट्यावर जन्मतः निळे डाग आहेत, ते माराचे नाहीत, आणि माकडहाडाजवळच्या खळगीत तेल-पावडर घालू नये. सोबत जन्माच्या वेळचे तारखेचे फोटो आणि मॅडमनी काढलेल्या आकृतीची प्रत जोडली. पाळणाघराच्या ताईंनी झबलं वर करून डाग स्वतः पाहिले, आकृतीशी ताडून घेतले, अर्जावर सही केली आणि बाळीला सांभाळणाऱ्या दोन्ही मुलींना बोलावून तेच पुन्हा दाखवलं.